विष्णुदास भावे : संवाद न लिहिणारा नाटककार कसा वाचायचा?

संशोधनाचा विषय निवडताना बरेच जण एखाद्या लेखकाकडे वळतात. ‘अमुक यांचे साहित्य : एक चिकित्सक अभ्यास’ असं शीर्षक दिलं की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. जन्म, शिक्षण, ग्रंथसंपदा, विषय, भाषाशैली, समारोप : प्रकरणांची यादी आपोआप तयार होते. पण या यादीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती फारशी कुणी तपासत नाही. ती म्हणजे, या माणसाने जे केलं ते सगळं त्याच्या पुस्तकांत आहे. आता विचार करा, ज्याचं मुख्य काम पुस्तकात नाहीच, त्याचा अभ्यास कसा करायचा?

असा एक माणूस आपल्या अगदी जवळ आहे. सांगलीचे विष्णु अमृत भावे, म्हणजेच विष्णुदास भावे. ‘मराठी रंगभूमीचे जनक’ हे बिरुद तुम्ही शाळेपासून ऐकलंय. ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो, तो त्यांच्या १८४३ च्या ‘सीता स्वयंवर’च्या प्रयोगाची आठवण म्हणून. सांगलीत त्यांच्या नावाचं नाट्यमंदिर आहे. नेट-सेटच्या तयारीत तर हे नाव, हे साल आणि हे नाटक अशी जोडी लावून पाठ केलेली असते. एवढं सगळं असून ‘भाव्यांचं नाटक वाचलंय का?’ असं विचारलं तर उत्तर काय येईल? वाचलेलं नाही. कारण आपण ज्याला नाटकाची संहिता म्हणतो, ती त्यांनी लिहिलीच नाही.

या लेखात माझं म्हणणं एकच आहे. भाव्यांना लेखक म्हणून वाचलं तर ते सामान्य ठरतात. खेळाची रचना करणारा माणूस म्हणून वाचलं तर ते फार मोठे ठरतात, आणि त्यांच्या मर्यादाही तेव्हाच नीट दिसतात. हे दाखवायला मी एक लांबचा चष्मा वापरणार आहे. तो आहे अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स या खेळरचनाकाराचा आणि कादंबरीकाराचा.

आधी तो चष्मा

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकजण एक पात्र घेतो : कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एकजण पात्र घेत नाही. तो गोष्ट सांगतो. ‘तुम्ही गुहेच्या तोंडाशी आलात, आतून गुरगुर ऐकू येतेय, काय करता?’ बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतात. धोक्याचं काही करायचं असेल तर फासे टाकतात आणि फाशावर यश-अपयश ठरतं. संवाद कुणीही लिहून दिलेले नसतात. लिहिलेले असतात ते नियम.

या प्रकारातला पहिला छापील खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’, १९७४ सालचा. त्यावर नावं दोघांची : गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. पहिली आवृत्ती फक्त १,००० प्रतींची होती. पुढे हा खेळ जगभर गेला. गायगॅक्सने नंतर अद्भुतरम्य कादंबऱ्याही लिहिल्या. ‘सागा ऑफ ओल्ड सिटी’ ही १९८५ ची. म्हणजे खेळरचनाकार आणि कादंबरीकार अशी ही दुहेरी कारकीर्द आहे.

गंमत अशी की गायगॅक्सचं नाव टिकलं ते कादंबऱ्यांमुळे नाही, नियमांच्या पुस्तकांमुळे. त्याचा मोठेपणा मोजायचा तर ‘वाक्यं कशी लिहिली’ हा प्रश्न फारसा उपयोगी नाही. ‘त्याने इतरांना काय करता येईल अशी व्यवस्था लावून दिली’ हा प्रश्न विचारावा लागतो. हाच प्रश्न घेऊन आता सांगलीला येऊ.

भाव्यांनी नेमकं काय तयार केलं

पार्श्वभूमी तुम्हाला माहीत असेल. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीला आली. त्यांचे यक्षगानाच्या वळणाचे खेळ संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले. कल्पना आवडली, सादरीकरण ओबडधोबड वाटलं. असं काही मराठीत, नीटनेटकं, करता येईल का? हे काम त्यांनी पदरच्या विष्णुपंतांना सांगितलं. त्यातून ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं आणि पुढे अशी अनेक आख्यानं.

आता प्रयोगाची रीत बघा. सूत्रधार आणि त्याचे साथीदार रंगमंचावर असतात. मंगलाचरण होतं. विदूषक येऊन थोडी गंमत करतो. मग गणपती येतो, मोरावर बसलेली सरस्वती येते. विघ्नहर्त्याचा आशीर्वाद मिळाला की आख्यान सुरू. सूत्रधार पद्यातून प्रसंग गातो : कोण आलं, का आलं, आता काय घडणार. ते पद्य संपलं की ज्याचं ते पात्र पुढे येऊन त्या प्रसंगाला शोभेल असं गद्य भाषण स्वतःच्या शब्दांत करतं. मग पुन्हा पद्य, पुन्हा भाषण. पद्य ठरलेलं, भाषण त्या-त्या नटाचं.

पात्रांचे ठरलेले गट होते. देव, ऋषी, राक्षस, स्त्रिया. स्त्रियांची कामं अर्थातच पुरुष करत. प्रत्येक गटाचा पोशाख ठरलेला, प्रवेश ठरलेला, बोलण्याची पट्टी ठरलेली. राक्षस यायचा तो तलवार फिरवत, ‘अलल्डुर्र’ अशी आरोळी ठोकत, मशालीवर उडवलेल्या राळेच्या भपक्यात. ‘राक्षसपार्टी’ हा शब्द मराठी रंगभूमीच्या इतिहासात इथूनच रुळला. म्हणजे नवा नट मंडळीत आला की आधी त्याची पार्टी ठरणार आणि पार्टी ठरली की निम्मा अभिनय ठरला. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये खेळाडू आधी ‘योद्धा की जादूगार’ हे निवडतो, मग बाकीचं सुचायला लागतं. इथेही तेच. फरक इतकाच की सांगलीत हे एकशे एकतीस वर्षं आधी चाललं होतं.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. समजा स्वयंवराचा मंडप आहे आणि रावणाची पाळी आलीय. सूत्रधार गाऊन सांगतो की लंकापती गर्वाने धनुष्याकडे निघाला. आता रावणाचं काम करणाऱ्या नटाला बोलायचंय. काय बोलायचं, हे त्याला कुणी लिहून दिलेलं नाही. तो कैलास हलवल्याची फुशारकी मारेल, जनकाला टोमणा मारेल, समोर बसलेल्या एखाद्या राजाची टिंगल करेल. किती वेळ बोलायचं तेही बऱ्याच अंशी त्याच्या आणि प्रेक्षकांच्या मर्जीवर. पण एक गोष्ट त्याच्या हातात नाही : धनुष्य त्याच्या छातीवर पडणारच आहे. त्याच्या तोंडाला मोकळीक आहे, नशिबाला नाही.

हीच भाव्यांची रचना. शेवट बंद, बोलणं खुलं. एकदा ही गोष्ट पकडली की बाकीच्या अनेक गोष्टी जागेवर येतात.

मग त्यांना कमी का लेखलं गेलं?

१८८५ मध्ये भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ छापून आला. त्यात आख्यानांची पद्यं आहेत. संवाद नाहीत, कारण ते कागदावर कधी नव्हतेच. नंतरच्या अभ्यासकांच्या हाती आला तो हा संग्रह. त्यांनी तो काव्य म्हणून वाचला आणि काव्य म्हणून तो साधारणच आहे, हे मान्य करायला हरकत नाही. तोवर १८६१ मध्ये वि. ज. कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ आलेलं होतं. तेव्हाच्या लोकांनी अशा छापील नाटकांना ‘बुकिश’ म्हटलं. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं. पुढे सांगलीशेजारच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आले, सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर आले. हे सगळे शब्दन् शब्द लिहिणारे. त्यांच्याकडून मागे वळून पाहिलं की भावे म्हणजे रांगण्याचं वय, आणि देवल-खाडिलकर म्हणजे चालायला लागणं, असं चित्र तयार होतं. नाट्य-इतिहासाच्या कितीतरी पुस्तकांत हेच चित्र थोड्याफार फरकाने दिसतं.

या चित्रात मोजपट्टी कुठली वापरली आहे, हे विचारायचं. मोजपट्टी आहे संहिता. ज्याच्याकडे संहिता जास्त तो पुढारलेला. मग संहिताच नसलेला माणूस मागासलेला ठरणार, हे आधीच ठरून गेलं. संशोधनात याला निष्कर्ष म्हणत नाहीत. जे गृहीत धरलं तेच फिरून सिद्ध झालं म्हणतात. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असा फेरा बसलाय का, हे गाइडने विचारायच्या आधी स्वतः तपासा.

संग्रहातली पद्यं ही कविता म्हणून न वाचता नियमांचं पुस्तक म्हणून वाचा. मग प्रश्न बदलतात. या पद्यात पात्राला बोलायला किती माहिती पुरवली आहे? कुठे थांबून नटाला जागा दिली आहे? एका प्रसंगात किती पात्रांना तोंड उघडायची संधी आहे? कुठल्या जागी पद्य घाईने पुढे जातं, म्हणजे तिथे भाषण नकोय? या प्रश्नांना काव्यगुणांशी काही देणंघेणं नाही. नियमांचं पुस्तक सुंदर नसलं तरी चालतं. त्यावर खेळ चांगला व्हावा लागतो.

आणि खेळ चांगला होत होता याचा बाहेरचा पुरावाही आहे. ही रीत वेगाने पसरली. इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या एकामागोमाग निघाल्या. संहितेची नक्कल मिळवण्याचा प्रश्नच नव्हता. पद्यं पाठ केली, पार्ट्या वाटल्या, सूत्रधार तयार केला की मंडळी उभी. चांगल्या रचनेची खूण हीच की ती रचनाकाराशिवाय चालू शकते.

प्रेक्षकांच्या डोक्यातलं ग्रंथालय

इथे गायगॅक्सशी तुलना आणखी एक गोष्ट दाखवते. १९७९ च्या त्याच्या एका नियमग्रंथाच्या शेवटी त्याने वाचनाची एक यादी जोडली आहे. टोल्किन, रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स असे लेखक तिच्यात आहेत. खेळातल्या जादूगाराला मंत्र पाठ करावा लागतो आणि एकदा वापरला की तो विसरतो. ही कल्पना जॅक व्हान्सच्या गोष्टींतून आलेली. यादी द्यावी लागली, कारण टेबलाभोवती बसलेल्या सगळ्यांनी तेच वाचलेलं असेल याची खात्री नव्हती. सामायिक जग नसेल तर ऐनवेळी सुचणार कुठून?

भाव्यांना अशी यादी द्यावी लागली नाही. कीर्तनकार, पुराणिक, हरदास यांनी ते काम आधीच करून ठेवलं होतं. रावण कोण, तो कसा बोलेल, नारद आला की काय होणार, हे नटाला माहीत होतं आणि पुढे बसलेल्यालाही. लळितात सोंगं आणणारे लोकही या गोष्टी पिढ्यान् पिढ्या करत आलेच होते. म्हणून भाव्यांनी संवाद लिहिले नाहीत यात आळस नव्हता. त्यांना त्याची गरज नव्हती. संवादांचा साठा समाजाकडे होता.

याचा एक छान पडताळा त्यांच्या कारकिर्दीतच सापडतो. १८५४ मध्ये मुंबईत त्यांनी ‘राजा गोपीचंद’ हे नाटक हिंदीत केलं. भाषा बदलली तरी रीत चालली. का? गोपीचंदाची गोष्ट नाथपंथी जोगी गावोगाव गातच होते. सामायिक गोष्ट तयार होती, म्हणून रचना दुसऱ्या भाषेतही उभी राहिली.

आणि याच ठिकाणी तिची मर्यादाही दिसते. समजा तुम्हाला पेशव्यांवर नाटक करायचंय, किंवा बालाजरठ विवाहावर. माधवराव रमाबाईंशी एकांतात कसे बोलतील? म्हाताऱ्याशी लग्न लावलेली मुलगी आपल्या बापाला काय म्हणेल? पुराणिकाने हे सांगितलेलं नाही. सामायिक साठा नाही. इथे नटाला मोकळं सोडलं तर तो ओळखीच्या पट्टीत शिरणार, म्हणजे माधवराव देवासारखे आणि म्हातारा राक्षसासारखा बोलायला लागणार. अशा वेळी कुणाला तरी बसून वाक्यं लिहावीच लागतात. कीर्तने, आणि नंतर देवल, आले ते या गरजेतून, असा माझा तर्क आहे. भाव्यांची रीत अपुरी होती म्हणून मागे पडली असं म्हणण्यापेक्षा, समाजाला ज्या गोष्टी बोलायच्या होत्या त्यांची भाषा सगळ्यांकडे तयार नव्हती म्हणून लेखकाची गरज वाढली, असं म्हणणं मला जास्त नेमकं वाटतं.

कारकीर्द : आश्रय, तिकीट, थांबणं

व्यक्तीची कारकीर्द अभ्यासताना पैशाचा धागा सोडू नका. चिंतामणराव १८५१ मध्ये वारले. नव्या कारभारात नाटकाला पहिल्यासारखा आश्रय उरला नाही. खर्च झालेला, माणसं सांभाळायची, पोशाख सांभाळायचे. भाव्यांनी मंडळी घेऊन दौरे सुरू केले. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून त्यांचे खेळ झाले. दरबारात एका माणसाला खूष करायचं असतं. तिकीट लावलं की अनोळखी गर्दीला. राळेचा भपका, राक्षसांची आरोळी, युद्धाचे प्रसंग यांचं वजन वाढत गेलं असेल तर त्याचं कारण रचनेत जितकं शोधायचं तितकं या बदलात शोधायला हवं. १८६० नंतर थोड्याच वर्षांत ते या धंद्यातून बाजूला झाले. त्यानंतर बरीच वर्षं, १९०१ पर्यंत ते जगले. म्हणजे आपल्या रीतीची जागा छापील नाटकांनी आणि संगीत नाटकांनी घेतलेली त्यांनी स्वतः पाहिली.

गायगॅक्सचंही काहीसं असंच झालं. खेळ गाजला, कंपनी वाढली, १९८५ मध्ये कंपनीवरचा ताबा त्याच्या हातून गेला आणि पुढच्याच वर्षी तो बाहेर पडला. खेळ त्याच्याशिवाय चालत राहिला. पण दोन कारकिर्दी सारख्या दिसतात म्हणून टाळ्या वाजवून थांबू नका. सारखेपणातून प्रश्न निघाला पाहिजे. इथे निघतो तो असा : ज्या कलाकृतीत शेवटचे शब्द दुसरे लोक बोलतात, तिचा कर्ता कोण?

अमेरिकेत हा प्रश्न कोर्टात गेला. नियम गायगॅक्सने लिहिले, पण प्रत्येक खेळाडूने एकच पात्र घ्यायचं आणि एकाने जग चालवायचं हा खेळ आर्नेसनने आपल्या गटात आधी खेळवला होता. श्रेय आणि मानधन यांवरून १९७९ मध्ये त्याने दावा लावला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली. सांगलीत असा दावा कुणी लावला नाही. रावणाची भाषणं रोज नव्याने रचणारे, सीतेच्या तोंडी शब्द घालणारे नट कोण होते? त्यांचं बोलणं वाऱ्यावर गेलं. ‘जनक’ हे बिरुद एका माणसाला दिलं की बाकीचे सहकर्ते आपोआप ‘पात्रं’ होतात.

तुलना कुठे तुटते

तुलनात्मक अभ्यासात साम्य दाखवणं सोपं असतं. गुण मिळतात ते तुलना कुठे तुटते हे सांगण्याला. इथे ती तीन ठिकाणी तुटते.

एक, टेबलावरच्या खेळात शेवट माहीत नसतो. फासे आहेत, पात्र मरू शकतं. भाव्यांकडे फासे नाहीत. सीतेचं लग्न रामाशीच होणार. म्हणून भाव्यांची आख्यानं म्हणजे ‘जुना रोलप्लेइंग गेम’ असं मी म्हणत नाहीये आणि तुम्हीही म्हणू नका. दोन, टेबलावर खेळणारे आणि पाहणारे एकच असतात. इथे पुढे प्रेक्षक आहे. नट स्वतःसाठी बोलत नाही. तीन, गायगॅक्सच्या खेळात कुणीही कुठलंही पात्र घेऊ शकतं, निदान नियमात तरी. भाव्यांच्या मंडळीत कोण येऊ शकत होतं, हे जात, दरबार आणि पंक्तीतली बदनामी यांनी ठरत होतं.

हा तिसरा मुद्दा आपल्याला नदीच्या वरच्या अंगाला घेऊन जातो.

पठ्ठे बापूराव आणि ‘दक्षिण सातारा’

१८६६ मध्ये, म्हणजे भावे नाटकधंद्यातून बाजूला झाले त्या सुमाराला, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष इथे श्रीधर कृष्णा कुलकर्णी जन्मले. पुढे ते पठ्ठे बापूराव झाले. तमाशाची बांधणी आठवा : आधी गण, मग गौळण, बतावणी आणि वग. गणात गणपती. वगात कथेचा सांगाडा ठरलेला, गाणी ठरलेली, आणि मधलं बोलणं? ते कलावंतांचं, ऐनवेळचं, समोरच्या गावाकडे पाहून केलेलं. शेवट बंद, बोलणं खुलं. नियम तोच.

मी असं म्हणत नाही की तमाशाने भाव्यांकडून हे घेतलं, किंवा भाव्यांनी तमाशाकडून. त्यासाठी पुरावा लागेल. म्हणणं एवढंच की कृष्णाकाठच्या या दोन प्रकारांत रचनेचं तत्त्व एकच आहे आणि तरी अभ्यासक्रमात एक ‘नाटक’ या पेपरात येतो, दुसरा ‘लोकसाहित्य’ या पेपरात. हा फरक रचनेने पाडलेला नाही. एकीकडे संस्थानिकाचा आश्रय आणि ब्राह्मणी वर्तुळ होतं. दुसरीकडे महार-मांग-कोल्हाटी कलावंतांचा फड. कुलकर्ण्यांच्या घरातला मुलगा पवळाबाईंबरोबर तमाशात उभा राहिला याचा केवढा गहजब झाला, हे त्या रेषेचं टणकपण दाखवतं. आपण ज्याला साहित्यप्रकारांची विभागणी म्हणतो तिच्याखाली कधीकधी वस्तीची विभागणी असते. भाव्यांच्या बाबतीत ‘संहिता नाही’ हा दोष माफ करून त्यांना जनक म्हटलं. तमाशाच्या बाबतीत तोच गुण ‘अशिक्षितपणा’ म्हणून नोंदला गेला. माझ्या मते या विषयातलं खरं संशोधन इथून सुरू होतं.

आधुनिक काळातही ही रीत मेलेली नाही. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ घ्या. लेखक सबनीस, हे निर्विवाद. पण दादा कोंडक्यांच्या प्रयोगांत त्या-त्या दिवशीच्या घडामोडींवर जी भर पडायची, ती छापील पुस्तकात शोधून सापडणार नाही. पुन्हा तोच प्रश्न : तुम्ही अभ्यास कशाचा करताय, पुस्तकाचा की प्रयोगाचा?

एक कामाची सूचना. जुनी साधनं शोधताना ‘सांगली जिल्हा’ असं शोधून थांबू नका. सांगली आणि मिरज ही संस्थानं होती. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे भाव्यांची नोंद संस्थानी कागदांत मिळेल, बापूरावांच्या गावाची सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये, आणि पन्नाशीच्या दशकातलं काही हवं असेल तर ‘दक्षिण सातारा’ खाली. आज एकाच जिल्ह्यात दिसणारी दोन माणसं कागदपत्रांत वेगवेगळ्या कपाटांत आहेत. ती कधी एकत्र वाचली गेली नाहीत याचं हेही एक साधं कारण असू शकतं.

तुम्ही हे कसं पुढे न्याल

यावर काम करायचं असेल तर ‘विष्णुदास भावे यांची नाट्यसंपदा’ असा विषय घेऊ नका. विषय नियमाचा घ्या. उदाहरणार्थ : एकोणिसाव्या शतकातल्या मराठी प्रयोगांत ठरलेलं आणि ऐनवेळचं यांची वाटणी कशी होती? त्यासाठी साधनं तीन थरांवर शोधा. पहिला थर नियमांचा : नाट्यकवितासंग्रह, वगांची बाडं, आख्यानांची हस्तलिखितं. दुसरा खेळणाऱ्यांचा : नटांच्या आठवणी, मंडळ्यांचे हिशेब, पार्ट्यांची वाटणी. तिसरा प्रयोगाचा : वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, प्रेक्षकांनी लिहिलेली पत्रं, तिकिटांचे दर. तीन थरांत कुठे विसंगती आली तर घाबरू नका. प्रकरण बहुतेक तिथेच सापडतं.

भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या. त्या बाहुल्या पुढे रामदास पाध्यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. अभ्यासकासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण बाहुली ही संहिता नसते. तिचा हात कुठवर वर जातो, मान किती वळते, यावरून तिने काय करावं अशी तिच्या कर्त्याची अपेक्षा होती ते कळतं. हीच नजर पद्यांकडे वळवायची आहे.

आणि एक करून बघण्यासारखं. संग्रहातलं एखादं आख्यान निवडा. चार मित्र जमवा, एकाला सूत्रधार करा, बाकीच्यांना पार्ट्या वाटा. पद्य म्हणा आणि मधलं बोलणं त्यांच्यावर सोडा. कोण कुठे अडतो, कुठे सुटतो, कुठे सगळे हसतात याची नोंद ठेवा. दोन वेगळ्या गटांबरोबर हे करा : एक कीर्तन-पारायणाच्या वातावरणात वाढलेला, दुसरा तसा नसलेला. अडण्याच्या जागा वेगवेगळ्या आल्या, तर सामायिक साठ्याबद्दलचा माझा तर्क तपासायला तुमच्याकडे निदान सुरुवातीची सामग्री असेल. सारख्याच आल्या, तर माझा तर्क खोडायला.